किलोमागे तीन ग्रॅम

१२ फेब्रुवारी

प्रिय छटाक,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. ती तशीच राहू दे, पण पत्र फाडू नकोस. बाबा ठीक आहेत, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर तू सगळं सोडून शेवटच्या ओळीवर उडी मारशील. एकोणनव्वदावं चालू आहे. कानांनी कमी ऐकू येतं, डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं, जीभ मात्र पूर्वीइतकीच धारदार आहे.

तुला छटाक म्हणायचा हक्क मला उरलाय का, ते माहीत नाही. बावीस वर्षं झाली. पण दुसरं काही लिहायला हात वळत नाही. तू जन्मलीस तेव्हा एवढीशी होतीस की बाबांनी तुला दुकानात नेऊन पारड्यात ठेवलं होतं आणि आईने नंतर आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला होता. हे मला लख्ख आठवतं, कारण दुसऱ्या पारड्यात वजनं टाकायचं काम माझ्याकडे होतं. सात वर्षांचा होतो. तेव्हापासून तू छटाक.

तर काम असं की मी दुकान बंद करतोय. तराजू दुरुस्त करून घ्यायला आता येतो कोण? ज्याच्या त्याच्याकडे ते चपटे आकडेवाले काटे. बिघडला की फेकायचा, नवा आणायचा. गेल्या वर्षभरात आलेली कामं बोटांवर मोजता येतील, आणि त्यातली दोन तर झोपाळ्याच्या साखळ्यांची होती. तुझी वहिनी म्हणते, बरं झालं, आता घरात बसून माझ्याशी वाद घाला. तिच्या मते माझ्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान मधे तोंड घालत नाही.

सामान काढतोय. बाबांची ती रोजच्या वापरातली वजनं इथल्या तंत्रशाळेतले एक शिक्षक मागायला आलेत, मुलांच्या प्रयोगशाळेसाठी. पाच किलोपासून एक ग्रॅमपर्यंत सगळा संच. निळ्या मखमलीच्या पेटीतला दुसरा संच, तो सरकारी शिक्क्याचा, मात्र मी ठेवून घेणार आहे. तुला यातलं काही हवं असेल तर कळव. कानस, चिमटे, काचेच्या कपाटातला तो नाजूक काटा, काहीही.

काल ती वजनं बाहेर काढून टेबलावर मांडली आणि शनिवार आठवला. दुपारी अर्धं शटर ओढायचं, जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, पॉलिशचा डबा उघडायचा. त्या डब्याच्या वासाने तुला शिंका यायच्या, तरी तू त्याच्यावरच नाक धरून बसायचीस. मोठी वजनं बाबांकडे, मधली माझ्याकडे, बारीक तुझ्याकडे, कारण तुझी बोटं बारीक. आई गेल्यावर तर तू शाळेतून थेट दुकानातच यायचीस, आणि घासताना बाबा आईच्या गोष्टी सांगायचे, ज्या ते एरवी कधी सांगायचे नाहीत. फडकं काळं पडायचं आणि वजनं उजळायची. बाबा प्रत्येक वजन खिडकीपाशी नेऊन फिरवून बघायचे. म्हणायचे, "यात तोंड दिसलं पाहिजे." मग तू त्यात बघून तोंड वाकडं करायचीस. सुखाचे दिवस होते ते, छटाक. मला तेव्हा कळलं नव्हतं.

त्या भांडणाचं मी काही उकरून काढत नाही. ही वजनं हलकी झाली आहेत, असं तुझं म्हणणं होतं. ते तू मांडलंस, माझं मी मांडलं. तू म्हणालीस, मग तू स्वतः तोल. मी तोललंही असतं, पण नेमकं गिऱ्हाईक आलं आणि ते राहून गेलं. असो.

सामानाचं मात्र कळव.

तुझा दादा


२७ फेब्रुवारी

प्रिय छटाक,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी दारात जाऊन उभा राहतो, आणि तो माझ्याकडे बघून मान हलवतो. आता आमची ओळख झाली आहे.

एक गोष्ट झाली. कोणालातरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि सांगण्यासारखं माणूस तूच आहेस.

ते शिक्षक परवा वजनं न्यायला आले. सज्जन माणूस, हळू बोलतो. म्हणाले, शाळेच्या दफ्तरी ठेवायला एक चिठ्ठी लागेल, दोनच ओळी, की ही वजनं प्रमाण आहेत म्हणून. तुमचं दुकान एवढं जुनं, तुमच्या सहीला किंमत आहे. मी कागद घेतला, 'सदर वजने' असं लिहिलं, आणि पेन थांबलं. शिक्षक समोर बसलेले, तुझ्या वहिनीने ठेवलेला चहा गार होतोय, आणि मी सदर वजनांवरून पुढे सरकत नाही. शेवटी म्हणालो, उद्या देतो. ते गेले, आणि मी काचेच्या कपाटातला काटा पुसायला घेतला.

मला तू ओळखतेस. कोणाच्याही बोलण्यात खोट काढायला मला अर्धा मिनिट पुरतो. तो खेळ तर मीच काढला होता. तू आठ वर्षांची असशील. एकाने एक वाक्य बोलायचं आणि दुसऱ्याने त्याला तीन भोकं पाडायची. 'आज शाळेला सुट्टी आहे.' तुला कोणी सांगितलं? त्याने कालचा फळा बघितला असेल तर? सगळ्या वर्गांना का फक्त तुमच्या? तिसरं भोक पडलं की वाक्य मेलं. तू रडकुंडीला यायचीस आणि पुन्हा खेळायचीस. दोन वर्षांत तू माझ्या बरोबरीला आलीस. बाबा काउंटरवरून ऐकायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, माझी पोरं कोणाच्या बापाला फसायची नाहीत. मला त्याचा केवढा अभिमान होता.

मग तो दिवस. बाबा डोळ्यांच्या ऑपरेशनला इस्पितळात होते, दुकान नुकतंच माझ्या नावावर झालं होतं, पाटीचा रंगही वाळला नव्हता. तू पेटीतला किलो आणि रोजचा किलो समोरासमोर ठेवलास आणि म्हणालीस, रोजचा हलका आहे, तीन ग्रॅम. बाबांनी घासून घासून झिजवलाय. आपण सगळ्यांनीच. गावातल्या दुकानांची वजनं आपण याच्याशी जुळवून देतो, म्हणजे तीही हलकी.

मी म्हणालो, काटा बिघडलेला असेल. तू दोन्ही वजनं पारडी बदलून ठेवलीस, काटा खरा निघाला. मी म्हणालो, खिडकीतून वारा येतोय. तू खिडकी लावलीस. मी म्हणालो, भिंतीवर सरकारी दाखला आहे. तू म्हणालीस, तो पेटीतल्या संचाचा. दर दोन वर्षांनी आपण शिक्क्याला पेटी पाठवतो, ही वजनं कुठे पाठवतो? मी म्हणालो, पेटीतलंच जड झालं असेल, दमट हवेने गंज चढून. तू भिंग दिलंस. मी म्हणालो, इतक्या वर्षांत एकाही दुकानदाराने तक्रार केली नाही. तू म्हणालीस, त्यांच्याकडे दुसरं काय होतं ताडून बघायला? दहा वेळा तोललंस. मी म्हणालो, दहाही वेळा तोलणारी तूच. आणि बाबांनी तुला वजनमापाच्या ऑफिसातल्या नोकरीचा अर्ज करू दिला नाही म्हणून तू या आठवड्यात त्यांच्यावर चिडलेली आहेस.

हे शेवटचं बोललो तेव्हा तुझा चेहरा उतरला. मला वाटलं, जिंकलो.

परवा मी खिडकी लावली. पेटीतला किलो एका बाजूला, रोजचा दुसऱ्या. मग पारडी बदलून. वीस वेळा केलं. माझा स्वतःवर विश्वास नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दोन्ही वजनं पिशवीत घालून शिक्षकांच्या शाळेत नेली आणि त्यांच्या विजेच्या काट्यावर त्यांनाच तोलायला लावली. कोणतं कुठलं ते त्यांना सांगितलं नाही.

तीन ग्रॅम. थोडं जास्तच. आणि तू घासायचीस ती बारीक वजनं, ती तर प्रमाणाने जास्त झिजलीत. दहा ग्रॅमचं वजन तर शंभर-दीडशे मिलिग्रॅमने खाली आहे. औषधांची पूड करणाऱ्या केमिस्टची वजनं आपण त्याच्याशीच जुळवून द्यायचो.

तुझं बरोबर होतं. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं आणि पाचव्यांदा ठेवलंय.

परवापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. आपल्या खेळात खरं वाक्यसुद्धा हरायचं. 'आज सुट्टी आहे' म्हणणारा हरायचा, आणि त्या दिवशी खरंच सुट्टी असायची. आपण दोघं घरी बसून ते वाक्य मारायचो. आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मी जिंकत होतो. खोट काढता येणं म्हणजे अक्कल, असं मी पन्नास वर्षं धरून चाललो. काढलेली प्रत्येक खोट चांगली होती, छटाक. अजूनही मला त्यातली एकही मूर्खपणाची वाटत नाही. फक्त मी सगळी भोकं एकाच बाजूला पाडली. 'वजनं बरोबर आहेत' या वाक्याला मी एकही पाडलं नाही.

उत्तर दे. रागाचं दिलंस तरी चालेल.

दादा


१५ मार्च

छटाक,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने ते हात उंच करून लांबूनच दाखवलं. सात ओळी. मी त्या सत्तर वेळा वाचल्या असतील.

तू लिहितेस: 'तुझं कळलं. पण बाबांनी मला एकदाही विचारलं नाही, त्याचं काय? मी दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला लिहिते, त्यांनी कधी त्या गोष्टीचं नावही काढलं नाही. त्यांना मी खोटी वाटले, असं समजून मी इथे राहिले.' आणि शेवटी, 'तू त्यांना तेव्हा नक्की काय सांगितलंस?'

मला वाटलं होतं मागच्या पत्रात सगळं सांगून झालं. म्हणजे, मी स्वतःची तशी समजूत घातली होती. वहिनीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "काय सांगितलं होतंत तुम्ही?" मी गप्प बसलो. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, आणि मी गप्प बसलेला तिने पहिल्यांदाच बघितला.

तेव्हा एकेक करून सांगतो.

गिऱ्हाईक आलं नव्हतं. तू किलो माझ्यापुढे धरलास आणि म्हणालीस, दादा, तू तोल. मी म्हणालो, दारात कोणीतरी आलंय, आणि बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो. रस्ता रिकामा होता. पाच मिनिटं तसाच उभा होतो. तोललं तर काय निघेल, हे मला ठाऊक होतं. ठाऊक नसतं, तर मी तोललं असतं.

पुढचं अवघड आहे. तू म्हणालीस, बाबा घरी आले की त्यांना सांगू, ते ठरवतील. मी म्हणालो, त्यांच्या डोळ्यांना पट्ट्या आहेत, मी सांगतो हळूहळू. ते घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तू विचारलंस, सांगितलंस? मी म्हणालो, हो. ते म्हणाले, पोरीला तोलायला अजून शिकायचंय.

ते असं म्हणाले नव्हते. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी गेलीस. ते औषधाच्या गुंगीत होते, तू त्यांना उठवलं नाहीस. दुपारी उठून त्यांनी विचारलं, छटाक कुठाय? चार दिवस मी काहीबाही सांगितलं. मग ते म्हणाले, माझं काही चुकलं का? तेव्हा काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हणालो, तिला या धंद्याची लाज वाटते. काळे हात, वंगणाचा वास, ते तिला नको होतं. चांगल्या ठिकाणी नोकरी धरलीय तिने.

ते बरं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

तुझी वाढदिवसाची पत्रं मीच त्यांना वाचून दाखवायचो, तेही तुला सांगायला हवं. पहिल्या वर्षीच्या पत्रात तू लिहिलं होतंस, 'त्या वजनांचं मी बोलले त्याचा राग मानू नका.' ते वाक्य मी गाळलं. नंतरच्या पत्रांत तसं काही नसायचं. मला हायसं वाटायचं.

आणि आणखी एक, मग संपलं. तू गेल्यावर मी ती वजनं पुन्हा कधीही घासली नाहीत. शनिवारी बाबांना डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज ऐकवायचो आणि घासली म्हणून सांगायचो. वापरली मात्र पुढे सात वर्षं, आकडेवाले काटे येईपर्यंत. तुझं म्हणणं मला पटलं नव्हतं, तर घासणं का थांबवलं? कोर्टात मला हा प्रश्न कोणी विचारला असता, तर मी तिथेच हरलो असतो. वाद मी घालत होतो, आणि हाताला खरं काय ते कळत होतं.

तू लिहितेस, 'आधी बाबांना सांग. मग मला लिही. त्याआधी लिहू नकोस.' तुझी अट मोडून हे लिहितोय, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर देणं बाकी होतं. आता सांगतो त्यांना.

दादा


२४ मार्च

छटाक,

तुझ्या अटीप्रमाणे मी लिहायला नको. तरी लिहितोय, आणि हे पत्र टाकीन की नाही ते ठरवलेलं नाही.

अजून सांगितलेलं नाही. कारणं आहेत. ऐक तरी. एक तर डॉक्टर म्हणतात, त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका. दुसरं म्हणजे या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट मिरवली, की माझ्या दुकानातून चुकीचं वजन बाहेर गेलं नाही. गल्लीतून चालताना दुकानदार उठून उभे राहायचे. आता दिसत नाही, ऐकू येत नाही, चालवत नाही, तेवढं एक उरलंय. तेही मी काढून घेऊ? आणि कशासाठी, तर माझं मन हलकं व्हावं म्हणून? त्यांच्या जिवावर? शिवाय अर्ध्याअधिक दुकानदारांची दुकानंही आता राहिली नाहीत, म्हणजे सांगून दुरुस्त काय होणार?

इथवर लिहून झालं आणि वहिनी चहा घेऊन आली. मी तिला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाटलं, ती म्हणेल की खरं आहे तुमचं. तिने कप ठेवला आणि म्हणाली, "छान बोलता. न सांगण्याची कारणं चार काढलीत. सांगण्याची किती काढलीत?"

एकही नाही.

मग बसलो काढायला. पहिलं काढायला मला फार वेळ लागला, लाज वाटावी एवढा. ते असं की बाबा गेली बावीस वर्षं असं धरून चाललेत की त्यांची मुलगी त्यांची लाज वाटून निघून गेली. हे मी त्यांच्यासाठी एकदाही मोजलं नव्हतं. दुकानाचं नाव, माझं नाव, त्यांचा मान, सगळं मोजलं. हे मोजायचं राहिलं.

दुसऱ्या कारणाची गरज पडली नाही. रविवारी सांगतो. रविवारी त्यांचे कान जरा बरे असतात, असं त्यांचंच मत आहे.


२ एप्रिल

प्रिय छटाक,

सांगितलं.

मागचं पत्रही याच पाकिटात घालतोय. वाच. मी किती वेळ लावला ते तुला कळलेलं बरं.

रविवारी सकाळी ते खिडकीतल्या खुर्चीत बसले होते, पायावर ऊन घेत. मी जवळ स्टूल ओढलं आणि त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. अशा गोष्टी हळू आवाजात बोलायच्या असतात, आणि मला ओरडून बोलावं लागत होतं. शेजारच्यांनाही कळलं असेल. असू दे. म्हणालो, बाबा, रोजची वजनं हलकी होती. घासून घासून झिजली होती. किलोमागे तीन ग्रॅम.

ते म्हणाले, "काटा बिघडलाय तुझा."

मी म्हणालो, पारडी बदलून बघितली.

"खिडकी उघडी असेल."

लावली होती.

"अरे, दाखला आहे भिंतीवर. पेटीतलं वजन गंजलं असेल. एवढ्या वर्षांत एक तक्रार नाही. आणि तुला कोणी सांगितलं, त्या शाळामास्तरने? त्याला काय कळतंय?" बोलत सुटले. एकामागून एक, अगदी त्याच क्रमाने. माझंच बोलणं मी बावीस वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो, आणि आता कळलं की हे मी कुठून घेतलं होतं. मी मधे बोललो नाही. दम लागला तेव्हा ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू स्वतः तोललंस?"

हो, म्हणालो. वीस वेळा. दुसऱ्याकडूनही तोलून घेतलं.

"मग इतका वेळ मला बोलू का दिलंस?"

एवढंच. छटाक, मी तुला कसं सांगू. दोन मिनिटं वाद घातला त्यांनी, आणि तोललंय म्हटल्यावर हातातलं सगळं खाली ठेवलं. दुकान चालवलेल्या अडतीस वर्षांचा अभिमान. मला वाटलं होतं ते मोडतील. ते फक्त जरा खाली वाकून बसले आणि पायावरच्या उन्हाकडे तोंड करून म्हणाले, "म्हणजे मीच खाल्ली ती. फडक्याने." मग म्हणाले, केमिस्टचा मुलगा अजून दुकानात बसतो, त्याच्याकडे जाऊन सांगून ये. उद्या नको, आजच. मी संध्याकाळी जाऊन आलो.

पण त्याआधीचं सांगायचंय. त्यांनी विचारलं, हे तुला कधी कळलं? मी म्हणालो, मला नाही, छटाकला. तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा. तिने दहा वेळा तोललं होतं.

"आणि तू?"

मी नुसता वाद घातला, म्हणालो. तोललं नाही.

मग बाकीचं सांगितलं. तुला काय खोटं सांगितलं ते, त्यांना काय खोटं सांगितलं ते, गाळलेलं वाक्य, पॉलिशच्या डब्याचं झाकण. काही गोष्टी दोनदा सांगाव्या लागल्या, कारण त्यांना ऐकू आल्या नाहीत. खोटं बोलण्यापेक्षा ते दुसऱ्यांदा ओरडून कबूल करणं जड गेलं. मी वाट बघत होतो की आता शिव्या देतील, खोलीबाहेर हो म्हणतील. मला ते हवंही होतं.

ते म्हणाले, "म्हणजे ती लाजून गेली नव्हती?"

नाही, म्हणालो.

"नीट सांग. मोठ्याने."

लाजून गेली नव्हती, बाबा. तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून ती भांडली. तुम्हाला ती खोटी वाटली, असं मी तिला सांगितलं, म्हणून गेली.

"पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. मग ते रडले. मी त्यांना आई गेली तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. वहिनी धावत आली, मी तिला हाताने थांबवलं. रडता रडता ते हसत होते, असं मला वाटलं, पण मी खात्रीने सांगत नाही.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधीच कळवली नव्हती, कारण मलाही ती दिसत असून दिसली नव्हती. तू गेल्यावर बाबांनी जेवणाआधी हात घासायला सुरुवात केली. ब्रश आणि साबण घेऊन, कोपरापर्यंत, दहा-दहा मिनिटं. नखांच्या कडा लाल होईपर्यंत. दुकानात जाणं त्यांचं ऑपरेशननंतर सुटलंच होतं, वंगणाला हातही लागत नव्हता, तरी रोज दोन वेळा. वहिनीने कितीदा ब्रश लपवला, त्यांनी चाचपडत शोधून काढला. आम्ही म्हणायचो, म्हातारपणाचा चाळा. हिवाळ्यात कातडी फुटायची, मी मलम लावून द्यायचो. बावीस वर्षं लावून देतोय. त्यांच्या बोटांना मलम लावताना मला एकदाही सुचलं नाही की हे कशाने झालं. जगातल्या प्रत्येक वाक्यात खोट शोधणारा मी.

रविवारी दुपारी वहिनीने ताट वाढलं. मी त्यांना धरून मोरीपाशी नेलं आणि रोजच्यासारखा ब्रश हातात दिला. त्यांनी तो चाचपला, आणि परत माझ्या हातात ठेवला. नळाखाली नुसते हात धरले, पुसले, आणि जेवायला येऊन बसले.

तुझा
दादा